धडा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या फाट्यावर,
आमच्या वजनकाट्याच्या केबिनीत एक खुर्ची जास्तीची आहे.
सतरा दिवस तिच्यावर एक बाई बसली.
अर्थशास्त्राची डॉक्टर, आडनाव टाकसाळे.
माझ्या पावत्यांचं बाड उलटायची,
ट्रकचा नंबर, कारखाना, भरती, रिकामी, निव्वळ,
आणि शाई उडालेली दिसली की विचारायची,
लिंबाजीमामा, हा तीन आहे की आठ?
मी तीन म्हणालो असतो तरी चाललं असतं.
पण काट्यावर बसून अंदाज सांगायची सवय नाही.
ट्यूबखाली धरून बघायचो.

ती म्हणाली, इथं सळईचे एकोणीस कारखाने.
प्रत्येकाचा वाटा काढायचा, वाट्याचा वर्ग करायचा,
मग सगळ्या वर्गांची बेरीज.
बेरीज लहान, तर चढाओढ आहे.
मोठी, तर बाजार कुणाच्या तरी खिशात.
वर्ग म्हटलं की मला आठवी ब आठवते.
पत्र्याखाली बासष्ट पोरं,
फळ्यापाशी बोलावणं मात्र त्याच तिघांना.
हे सांगितलं तर ती हसली नाही.
वहीत लिहून घेतलं.

नवव्या दिवशी बेरीज आली. लहान आली.
तरी बाईच्या कपाळावरची आठी जाईना.
कारण भाव.
सकाळी साडेदहाला, चहाच्या दुसऱ्या फेरीला,
एकोणीस फळ्यांवर एकच आकडा उजाडतो.
तिनं विजेचे दर वाढले ते महिने वेगळे काढले,
भंगार महागलं ते आठवडे वेगळे,
अमावास्यासुद्धा.
खरी चढाओढ असती तर कुणी तरी चार आणे खाली आला असता,
रुसून, घाईत, पोरीच्या लग्नाची नड म्हणून.
इथं चुकूनही कुणी चुकत नाही, ती म्हणाली,
शंका मला तिथंच येते.

मग मी तोंड उघडलं.
म्हणालो, बाई, पाट्या कामून मोजता? ड्रायव्हर मोजा.
रेवती इस्पातचा जब्बार दर रविवारी तेजपाल रोलिंगमधून कसा भरतो?
पाच कारखान्यांचे गेटपास शेजारी ठेवा,
‘ळ’ला असा वेलांटा देणारा मुनीम
अख्ख्या जालन्यात एकच आहे.
आणि साडू कोण कुणाचा, व्याही कोण,
हे पावतीवर येत नसतं.
तिनं पेनाचं टोपण लावलं. बराच वेळ लावलेलंच ठेवलं.
मग पुन्हा पहिल्यापासून.
एकोणिसाचे सात झाले, साताचे चार,
आणि बेरीज रातोरात फुगली,
भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी.

शेवटच्या दिवशी वह्या भरता भरता सहज म्हणाली,
या रस्त्याला काटे किती?
तीन होते, मी म्हणालो.
ढवळ्यांचा बंद पडला. पंपामागचा आमच्या शेठनं घेतला
आणि त्याला कुलूप घातलं.
आणि पावती?
पन्नास होती. कुलपानंतर ऐंशी.
वरच्या तिसातले काही माझ्या पगारात आले,
हे मी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.
जास्तीच्या खुर्चीकडं बघितलं, मग माझ्या.

आमच्या गावचा वाणी तेल देताना
आधी मोकळी बाटली ठेवायचा,
दुसऱ्या पारड्यात खडे टाकून काटा मधे आणायचा.
त्याला धडा म्हणत.
रिकाम्याचं वजन आधी कबूल करायचं, मग मालाचं.
लोखंडाच्या या सपाट काट्यावर
खडे ठेवायला जागा नाही.

तिची बस गेली. साडेदहा झाले.
जब्बार आला, भरून, कुणाकडून ते विचारलं नाही.
पावती फाडली.
ऐंशीतला आठ मात्र सावकाश काढला,
दोन्ही पोटं नीट बंद करून,
कुणाला तीन वाटू नये असा.